दोन वलयांमधली एक रेघ

रक्तदाबासाठी लोसार्टनची गोळी घेणारे वाचक पुष्कळ असतील. तिच्या रेणूत बेंझिनची दोन वलये थेट एकमेकांना जोडलेली असतात. कागदावर ही एका रेघेची गोष्ट, पण तिने रसायनशास्त्रज्ञांना अनेक दशके दमवले.

बेंझिनचे वलय मोठे स्थिर. त्यावर ब्रोमिन सहज बसतो; दुसरे वलय बसवणे कठीण. फ्रिट्झ उलमान यांनी १९०१ मध्ये तांब्याच्या भुकटीने ते साधले. हॅलोजन असलेली संयुगे तांब्यासोबत दोनशे अंशांच्या आसपास तापवायची; हॅलोजन तांब्याकडे जातो, वलये जुळतात. पण एवढ्या उष्णतेत नाजूक रेणू टिकत नाहीत. शिवाय दोन वेगळी वलये घेतली, तर सारख्याला सारखे जोडलेले नको ते रेणूही तयार होतात.

सत्तरच्या दशकात कुमादा आणि नेगिशी यांनी निकेल व पॅलेडियम वापरून वाट काढली. मात्र त्यांची मॅग्नेशियम-जस्ताची संयुगे हवा-पाण्यापासून जपावी लागत. होक्काइडो विद्यापीठातल्या अकिरा सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी बोरॉन निवडला. त्याची संयुगे हवेत टिकतात, पाण्याला बिचकत नाहीत. पण म्हणूनच आपले वलय सहजी सोडतही नाहीत. त्यांनी मिश्रणात अल्कली घातली आणि बोरॉनची पकड सैलावली. या पद्धतीने १९८१ मध्ये दोन बेंझिन वलये जोडली गेली.

इथे पॅलेडियम मध्यस्थाचे काम करतो. आधी तो कार्बन आणि ब्रोमिन यांच्यामध्ये शिरतो, मग बोरॉनकडचे वलय स्वतःकडे घेतो. दोन्ही वलये एकाच अणूवर आली की ती परस्परांना जोडली जातात आणि पॅलेडियम पुढच्या जोडीसाठी मोकळा होतो. त्यामुळे शंभर रेणूंमागे त्याचे मोजके अणू पुरतात.

पॅलेडियमने कार्बन जोडण्याच्या अशा पद्धतींसाठी नेगिशी, सुझुकी आणि त्याच वाटेवरचे आणखी एक रसायनशास्त्रज्ञ हेक यांना २०१० चे नोबेल मिळाले. मियाउरांचे नाव त्यात हवे होते, असे मला वाटते. पण एक पारितोषिक तिघांपलीकडे वाटता येत नाही. सुझुकींनी या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. मर्कच्या रसायनशास्त्रज्ञांनी लोसार्टनसाठी ती वापरली, तर बॉस्कॅलिड हे बुरशीनाशक कारखान्यांत तिच्यामुळेच टनावारी बनते.

पॅलेडियम महाग आहे आणि औषधातून तो काढूनही टाकावा लागतो: तोंडावाटे घ्यायच्या औषधात त्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे. म्हणून स्वस्त निकेलवर आणि उलमानच्या तांब्यावर आजही जोमाने संशोधन चालू आहे.