उभे कान, पडके कान

डोबरमन म्हटला की टोकदार, ताठ कानांचा काळा-तपकिरी कुत्रा डोळ्यांपुढे येतो. चित्रांत तो असाच असतो आणि 'कुत्र्यापासून सावध रहा' या पाटीवरही असाच असतो. वर्गात विचारून पहा : डोबरमनच्या कानांना कोणी हातच लावला नाही तर मोठेपणी ते कसे दिसतील? बहुतेक मुले 'उभे' असेच सांगतील. प्रत्यक्षात ते रुंद, मऊ आणि गालांवर लोंबणारे असतात. ताठ कान ही निसर्गाची देणगी नव्हे. ते शस्त्र आणि चिकटपट्टी यांचे काम आहे.

पिल्लू साधारणपणे ७ ते १२ आठवड्यांचे झाले की त्याला भूल देऊन बाह्यकर्णाचा मोठा भाग कापून टाकतात आणि कडा शिवतात. टाके १० ते १४ दिवसांत निघतात. पण एवढ्याने कान उभा राहत नाही. पुढचे काम मालक घरी करतो. कानाच्या आतल्या बाजूला मऊ पदार्थाची गुंडाळी आधारासाठी ठेवायची, कान वर ताणून तिच्यावर धरायचा आणि भोवती चिकटपट्टी गुंडाळायची. ही प्रथा जिथे आजही चालू आहे त्या अमेरिकेत याला 'पोस्टिंग', म्हणजे खांब देणे, असे म्हणतात. काही दिवसांनी पट्टी सोडायची, कान पुसून कोरडा करायचा आणि पुन्हा बांधायचा. हा क्रम काही आठवडे, कधी कधी काही महिने चालतो. इतके करून कान उभे का राहतात?

कागदाची पट्टी

याचे अर्धे उत्तर वर्गातच मिळते. वहीच्या कागदाची ३ सें.मी. रुंद व सुमारे २५ सें.मी. लांब पट्टी कापा. तिचे खालचे टोक चिमटीत धरून ती उभी करा. पट्टी वाकून पडेल. आता ती कापून ८ सें.मी. करा. तीच पट्टी उभी राहील. दुसरी २५ सें.मी. लांबीची पट्टी घ्या आणि तिला लांबीच्या दिशेने मधोमध घडी घालून पन्हळीसारखा आकार द्या. आता तेवढी लांब पट्टीही उभी राहील.

पट्टी लांब झाली की तिचे वजन वाढते आणि ते वजन बुडापासून दूरही जाते. त्यामुळे तिला वाकवणारा जोर फार वेगाने वाढतो. पन्हळीचा आकार दिला की कागद तोच राहतो, पण वाकण्यास होणारा विरोध कितीतरी वाढतो. पत्र्याचे छप्पर नागमोडी असते ते याच कारणाने. कान कापल्याने 'पट्टी' आखूड आणि हलकी होते, तर खांब देऊन तिला पन्हळीचा आकार मिळतो. जर्मन शेफर्ड किंवा आपल्या गावठी कुत्र्याचा उभा कान नीट पहा. त्याचे बूड असेच पन्हळीसारखे वळलेले दिसेल.

जिवंत कूर्चा

उरलेले अर्धे उत्तर जीवशास्त्राचे आहे. पट्टी सोडल्यावरही आकार टिकतो, कारण कान हा कागद नव्हे. त्याचा सांगाडा कूर्चेचा असतो. आपल्या कानाची पाळी सोडून वरचा भाग दुमडून पहा. तो दुमडतो आणि सोडला की पूर्ववत होतो. ही लवचीक कूर्चा होय. लहान वयात ती मऊ असते आणि वाढत असते. त्या काळात तिला जो आकार सतत मिळेल त्याच आकारात ती घट्ट होत जाते.

या गुणधर्माचा उपयोग माणसांतही होतो. काही बाळांचे कान जन्मतः दुमडलेले किंवा वेडेवाकडे असतात. १९८०च्या दशकात जपानी शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले की, जन्मानंतर लवकरच मऊ साचा व चिकटपट्टी लावली तर असे कान शस्त्रक्रियेविना सुधारतात. आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे त्या दिवसांत बाळाची कूर्चा फार मऊ असते. काही आठवड्यांत ती घट्ट होते आणि ही संधी जाते.

पिल्लांचे दात बदलत असताना उभे झालेले कान पुन्हा पडतात. तेव्हा 'कॅल्शियम दातांकडे गेले' असे म्हणून पिल्लाला गोळ्या दिल्या जातात. पण कानाची लवचीक कूर्चा हाडासारखी कॅल्शियम साठवून ताठ होत नाही. उलट, ग्रेट डेनच्या पिल्लांना जादा कॅल्शियम खाऊ घातल्यास हाडांची वाढ बिघडते, असे प्रयोगांत आढळले आहे. कानासाठी दिलेली गोळी पायांवर उलटू शकते.

पट्टीखाली काय घडते?

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. भोवतालच्या पातळ आवरणातून पाझरणाऱ्या द्रवावर तिचे पोषण होते. पट्टी जास्त आवळली तर त्वचेचा आणि या आवरणाचा रक्तपुरवठा तुटतो आणि कानाची कड मरते. पट्टीखाली ओल राहिली तर जंतू वाढतात. दुर्गंधी, सूज, स्राव दिसला किंवा पिल्लू सारखे डोके झटकू लागले, तर पट्टी ताबडतोब सोडून पशुवैद्याकडे जायला हवे. घरी कान कापणे हा तर सरळ छळ आहे.

मग हे कशासाठी?

पूर्वी झुंजीच्या व राखणीच्या कुत्र्यांचे कान प्रतिस्पर्ध्याच्या दातांत सापडू नयेत म्हणून कापत. आज 'कानाचे रोग टळतात' असे कारण सांगितले जाते. पण रोग होतात ते आतल्या वळणदार कर्णनलिकेत, आणि कान कापल्याने ती नलिका बदलत नाही. या दाव्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. नुकसान मात्र निश्चित आहे. कुत्री कान मागे पाडून भीती दाखवतात, पुढे रोखून लक्ष दाखवतात. कान कापला की त्यांच्या भाषेतले काही शब्दच कमी होतात.

शिक्षकांना यात आनुवंशिकतेचा एक धडाही सापडेल. जर्मनीतील आपोल्डा गावात डोबरमन ही जात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या कान कापले जात आहेत. तरीही नवे पिल्लू पडके कान घेऊनच वाढते. ऑगस्ट वाइसमान यांनी १८८०च्या दशकात उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या कापून हेच पाहिले होते. कमावलेली जखम वारशात उतरत नाही. प्रत्येक पिल्लाला ती नव्याने सोसावी लागते.

कायदाही हळूहळू या दिशेने सरकला आहे. ब्रिटनच्या केनेल क्लबने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कान कापलेल्या कुत्र्यांना प्रदर्शनात बंदी केली. पाळीव प्राण्यांविषयीच्या १९८७च्या युरोपीय करारात केवळ रूप बदलण्यासाठी कान कापणे निषिद्ध ठरवले आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते अजून चालते, पण तेथील पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २००८ साली केवळ रूपासाठी कान कापण्यास विरोध जाहीर केला. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचे अंग छाटणे क्रूरतेत मोडते. गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे, वेसण घालणे या क्रियांना त्यात ठराविक पद्धतीने मुभा आहे. त्या यादीत कान कापणे नाही.

आपल्या शहरांतही डोक्यावर पांढऱ्या पट्ट्यांचे दोन खांब मिरवणारी पिल्ले दिसतात. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी असे पिल्लू आधीच आले असेल, तर त्याला दोष देण्याऐवजी पट्टी कोरडी व सैल ठेवायला सांगावे आणि पशुवैद्य गाठायला लावावे. ज्यांच्या घरी पिल्लू अजून यायचे आहे त्यांनी मात्र ते अखंड कानांसह मागावे. पडक्या कानांचा डोबरमन तितकाच चांगला ऐकतो, राखण करतो आणि माया लावतो.