ब्रेकच्या पॅडलाची थरथर

घरांतील एखाद्या माणसास बारीक ताप येऊं लागला तर शहाणीं माणसें त्याकडे दुर्लक्ष करीत नाहींत. परंतु घरच्या धंद्याची मालवाहू गाडी तशीच कांहीं तक्रार सांगूं लागली, तर मात्र "चालते आहे तोंवर चालूं दे" असेंच उत्तर बहुधा मिळतें. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम अंगास असलेलें वाकड हें म्हातोबाचें जुनें गांव. आज तें मुंबई-बंगळूर महामार्गालगतचें गजबजलेलें उपनगर झालें आहे. चाकण, भोसरी, हिंजवडी यांच्या दरम्यान सुटे भाग, भाजीपाला व घरसामान वाहणाऱ्या पिकअप गाड्यांचा राबता येथें सतत चालूं असतो. मोटारींचे कारखाने ज्यांच्या शेजारीं, त्यांनीं तरी मोटारीची भाषा ओळखावी, या हेतूनें, ब्रेक दाबतांना पायाखालीं जाणवणाऱ्या थरथरीविषयीं चार शब्द लिहावेत असें आम्हांस वाटतें.

पिकअपच्या पुढच्या चाकांना बहुधा डिस्क ब्रेक व मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. चालकानें पॅडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब येतो व तो नळ्यांतून चाकांपर्यंत जातो. पुढें दोन पॅड फिरत्या लोखंडी तबकडीस दोहों बाजूंनीं चिमटींत धरतात. मागें लायनर ड्रमच्या आंतल्या अंगावर दाबले जातात. तेल दाबून आंखडत नाहीं, म्हणून चाकाकडील हालचाल त्याच वाटेनें उलट पायापर्यंत पोंचते. तबकडीची जाडी सर्वत्र सारखी नसली, तर जाड भाग येतांच पॅड मागें रेटले जातात, पातळ भाग येतांच पुढें सरतात, आणि पॅडल पायाखालीं वरखालीं होऊं लागतें. जाडींतील हा फरक एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका असला तरी पुरे होतो. माणसाचा केससुद्धां याहून जाड! सुमारें दोन मीटर घेराचें चाक ताशीं ६० किलोमीटर वेगांत सेकंदास आठ फेरे घेतें. त्याच गतीनें ठोके पायास जाणवतात, आणि वेग उतरला कीं तेही संथ होतात. ही या दोषाची पहिली खूण होय.

गॅरेजमध्यें यास "डिस्क बेंड झाली" असें म्हणण्याचा प्रघात आहे. अतिशय उष्णतेनें तबकडी वाकणें अशक्य नाहीं. तथापि पुष्कळदां खरें कारण निराळेंच असतें. हबवरील गंज न पुसतां तबकडी बसविली, किंवा चाक घालणाऱ्यानें घाईनें एका बाजूचे नट करकचून आवळून दुसऱ्या बाजूचे ढिले ठेवले, तर तबकडी किंचित् तिरकी फिरूं लागते. त्या दिवशीं कांहींच जाणवत नाहीं. परंतु ब्रेक न दाबतांही तिचा एक विशिष्ट भाग दर फेऱ्यास पॅडला चाटून जातो, आणि कांहीं हजार किलोमीटरांनंतर तेवढाच झिजून पातळ होतो. दुसरें कारण असें कीं, घाट उतरून आल्यावर तापलेल्या ब्रेकवर पाय गच्च ठेवून गाडी उभी केली, तर पॅडचा पदार्थ तबकडीवर एकाच जागीं चिकटून बसतो. सारांश, थरथर आज कळली तरी तिचें बीज महिन्यांपूर्वीं पडलेलें असतें. नवी डिस्क घालून नट पुनः तसेच आवळले, तर खर्च होतो आणि दुखणें राहतें.

थरथर स्टीअरिंगच्या चाकांत जाणवली तर बहुधा पुढच्या डिस्क तपासाव्या. बैठकींत व तळाशीं जाणवली तर मागचे ड्रम लंबगोल झाले असण्याचा संभव अधिक. जाणता कारागीर डायल गेज लावून तबकडीचें डोलणें पाहतो, मायक्रोमीटरनें तिची जाडी अनेक ठिकाणीं मोजतो, आणि बेअरिंगची ढिलाईही तपासतो. तबकडी लेथवर घासून सारखी करतां येते. मात्र तिच्यासाठीं ठरवून दिलेल्या किमान जाडीपेक्षां ती पातळ होतां कामा नये. एक भेद मात्र सर्वांनीं ध्यानांत ठेवावा. एबीएस असलेल्या गाडींत ओल्या रस्त्यावर जोरानें ब्रेक दाबला असतां पॅडल जलद धडधडतें. तो दोष नव्हे. यंत्र चाक घसरूं न देण्याचें आपलें काम करीत असतें. अशा वेळीं भिऊन पाय उचलूं नये. उलट, पॅडल मऊ लागून खालीं बुडूं लागलें, तर तें थरथरीहून भयंकर लक्षण समजून गाडी सुरक्षित जागीं तत्काळ थांबवावी.

ब्रेकवर पडणारा भार केवढा असतो? मालासह तीन टन वजनाची गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगावरून एकदां थांबविली, तर सुमारें सव्वा लिटर थंड पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता निर्माण होते. वेग दुप्पट झाला कीं ती चौपट होते. ती बहुतेक सारी डिस्क व ड्रम यांनींच सोसावयाची. म्हणूनच जुने चालक सांगत आले आहेत कीं, ज्या गियरमध्यें घाट चढावा त्याच गियरमध्यें तो उतरावा. याच महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजीं एका बेफाम मालवाहू गाडीनें अनेक वाहनांचें नुकसान केलें. उतारावर भार आणि वेग एकत्र आले म्हणजे काय होतें, हें त्यावरून दिसतें.

आतां मुख्य गोष्ट. ही थरथर प्रथम कळते ती गाडीच्या मालकास नव्हे, तर चालकास. तो एकदां सांगतो, दोनदां सांगतो. ऐकणारा कोणी नाहीं असें दिसलें म्हणजे गप्प बसतो. ज्याचें पोट त्या गाडीवर अवलंबून, तो याहून अधिक काय करणार? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १९० वें कलम मात्र दोष केवळ चालकावर टाकीत नाहीं. साधारण दक्षतेनें कळून येण्याजोगा धोकादायक दोष असतांना गाडी रस्त्यावर चालवूं देणाराही त्यांत जबाबदार धरला आहे. कायद्याचें भय बाजूस ठेविलें, तरी दुसऱ्याच्या मुलाला आपल्या मालासह उतारावर धाडतांना त्याच्या पायाखालचें पॅडल स्थिर आहे ना, एवढें विचारणें हा गृहस्थधर्मच होय.

म्हणून धंद्याची वही ज्यांच्या हातीं असेल, मग ते वडीलधारे असोत वा घरच्या सूनबाई, त्यांनीं डिझेलच्या हिशेबाशेजारीं ब्रेकसाठींही एक रकाना ठेवावा. आठवड्यांतून एकदां चालकास विचारावें व तो सांगेल तें त्यांत लिहावें. चाक काढून पुनः बसविलें कीं नट समोरासमोरच्या जोडीनें, ठरलेल्या जोरानें, टॉर्क पान्यानेंच आवळून घ्यावे. यास वेळ थोडा लागतो आणि खर्च त्याहून थोडा. पण चालक सुखरूप घरीं परततो, यापरता दुसरा नफा कोणता?