दरीतली वाट आणि होळीनंतरचे ऊन

होळी झाली की आपल्याकडे ऊन तापू लागते आणि परीक्षेतून सुटलेल्या मुलांच्या सहलीही त्याच सुमारास निघतात. पूर्वी ही मंडळी माहूरला जात, फार तर कंधारचा किल्ला पाहून येत. आता त्यांना सांधण दरी ठाऊक झाली आहे. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावापाशी जमिनीला जणू भेग पडावी तशी ही दरी आहे. दोन्ही अंगांना काळ्या कातळाच्या उंच भिंती आणि मधे काही ठिकाणी दोन माणसे जेमतेम जातील एवढीच वाट. जवळचे ठिकाण म्हणाल तर इस्लापूरचे सहस्रकुंड. तिथे पैनगंगा कातळावरून खाली उडी घेते. पावसाळ्यात जवळ जाण्याची सोय नसते, पण उन्हाळ्यात पाणी ओसरले की मुले पात्रातल्या दगडांवरून लांबवर चालत जातात. मुदखेडहून आदिलाबादच्या गाडीने जाता येते, त्यामुळे आमच्या गावची बरीच पोरे तिकडचीच.

जाऊ नका असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्या डॉक्टरचे कोणी ऐकतही नाही. पण दरीत चालणे आणि गड चढणे यांत एक मोठा फरक आहे, तो लक्षात घ्यावा. गडावर आपण सकाळी ताजेतवाने असताना चढतो आणि दमल्यावर उतरतो. दम लागला तर अर्ध्यातूनही मागे फिरता येते. दरीत सगळे उलटे. सकाळच्या गारव्यात उतार लागतो, पाय आपोआप पडत जातात आणि माणूस स्वतःच्या ताकदीचा अंदाज चुकतो. परतीचा चढ मात्र दुपारी, दमलेल्या पायांनी आणि संपत आलेल्या पाण्यावर चढायचा असतो. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीत हाच घोटाळा होतो. ती दीड किलोमीटरहून खोल आहे आणि तळाशी काठापेक्षा दहा-अकरा अंश जास्त उष्णता असते. म्हणून एका दिवसात नदीपर्यंत उतरून परत चढू नका, आणि उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ चालू नका, असे तिथले वनरक्षक सांगत असतात. आपल्या दऱ्या तेवढ्या खोल नाहीत, पण आपला काळा कातळ दिवसभर ऊन पितो आणि ते अंगावर परत फेकतो.

आता शरीरात काय होते ते पाहू. चालताना स्नायूंत उष्णता तयार होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. घाम वाळताना कातडीची उष्णता घेऊन जातो. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगाला चिकटतो, म्हणून माणसाला तो कळतो. आपल्या कोरड्या हवेत तो आल्या आल्या उडून जातो. ‘मला तर घामच आला नाही,’ असे सांगणाऱ्याच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग दिसतात. उन्हात भरभर चालणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. शिवाय उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. त्यामुळे वैशाखात रानात राबणाऱ्या शेतकऱ्याला जे ऊन सोसते, तेच मार्चमध्ये कोचिंग क्लासच्या पंख्याखालून उठून गेलेल्या मुलाला आडवे करते.

मागच्या वर्षी फाल्गुनात असाच एक बावीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला. डोके ठणकत होते, उलट्या होत होत्या, बोलणे असंबद्ध. मित्र म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, ऊन लागले, आम्ही सारखे पाणी पाजतोय.’ अंग मात्र फारसे तापलेले नव्हते आणि जीभ ओली होती. चौकशी केली तेव्हा कळले की त्याने सकाळपासून सात-आठ लिटर पाणी प्यायले होते आणि खाल्ले होते दोन केळी. मी पाणी थांबवायला सांगितले आणि त्याला लगेच नांदेडला पाठवले. तिथे रक्त तपासले, तर सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, फार खाली गेला होता. दोन दिवसांनी तो बरा होऊन घरी आला. वाटेत झटके आले असते तर निभावणे कठीण होते.

पाणी जास्त झाल्याने कोणी आजारी पडते हे पुष्कळांना पटत नाही. पण घामातून मीठही जाते. ते भरून न काढता नुसते साधे पाणी ओतत राहिले तर रक्त पातळ होते, पेशींत पाणी शिरते आणि मेंदूला सूज येते. ग्रँड कॅन्यनच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकातच अशा रुग्णांची नोंद केली आहे. तेव्हा तहान लागेल तसे थोडे थोडे प्यावे आणि बरोबर खारे काहीतरी खावे. शेंगदाणे, चिवडा, लोणच्याबरोबर भाकरी, काहीही चालेल. लघवी कमी आणि गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. लघवी स्वच्छ होते आहे, पोट डबडबले आहे, तरी मळमळ आणि डोकेदुखी वाढते आहे, तर साधे पाणी थांबवा, काही खारे खायला द्या आणि दवाखाना गाठा.

ओआरएसची पाकिटे स्वस्त आहेत, दोन-चार खिशात असू द्यावीत. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती मिसळायची. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. हे मिश्रण फार जुने नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना असे पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले.

खरा उष्माघात याहून वेगळा. अंग भट्टीसारखे तापते, ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि माणूस बरळू लागतो किंवा बेशुद्ध होतो. घाम थांबलेला असेलच असे नाही. चालताना उष्माघात झालेल्याच्या अंगाला घाम असू शकतो, त्यावर फसू नये. इथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत ठेवा. दरीत पाण्याचा डोह जवळ असेल तर डोके धरून अंग त्यात बुडवा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन करा, पण गार करणे गाडीची वाट पाहत थांबवू नका. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने चौदा माणसे गेली. तिथे तर कोणी चढही चढत नव्हते, माणसे नुसती बसलेली होती.

रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारे, मधुमेही आणि सर्दीच्या गोळ्या खाऊन निघालेले यांना ऊन लवकर बाधते. गोळ्या मनानेच बंद करू नका, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणखी एक गोष्ट माझ्या विषयात बसत नाही, तरी सांगतो. मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी पाऊस येतो. २०१४ ची गारपीट कोण विसरेल? दरीत असताना डोक्यावर ऊन असले तरी वर कुठेतरी पडलेला पाऊस खाली लोंढा होऊन येतो. अमेरिकेतल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी असेच अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता काही मैलांवर. सहस्रकुंडाच्या वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे, हेही ध्यानात असू द्या. पाणी गढूळ दिसले किंवा वाढू लागले की सामान सोडून काठावर चढावे.

उन्हात जाताना खिशात कांदा ठेवावा का, असे मला दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारते. खिशातल्या कांद्याने ऊन टळत नाही. तो मीठ लावून भाकरीबरोबर खाल्ला तर मीठ तरी पोटात जाईल.