बाभूळ दिसेना तेव्हा

निफाडच्या थंडीची बातमी येते ती पाऱ्याच्या आकड्याने. पारा 5 अंशांखाली उतरला की आमच्या घरातून फर्मान सुटते, 'आज सायकल नको.' पन्नाशी उलटलेला माणूस, त्यात कवी. काळजी रास्त आहे. पण मंडळी, सायकलवाल्याने आकड्याला फार भिऊ नये. स्वेटर, कानटोपी, हातमोजे असले की दोन किलोमीटरांत अंग तापते. बोटांकडे मात्र लक्ष हवे. अंगठा करंगळीला टेकेनासा झाला की ब्रेकही वेळेवर दाबला जाणार नाही. तिथेच उतरावे.

खरे भय धुक्याचे. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा मिळतात. आजूबाजूला ओलिताची शेते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन भराभर निवते, तिला लागून असलेली दमट हवा गारठते आणि धुके धरते. ते सर्वांत दाट असते सूर्योदयाच्या सुमारास. नेमकी तीच कॉलेजची वेळ, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचीही.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात फजरची नमाज आटोपून मी अकरावीतल्या भाचीला सोबत म्हणून निघालो. धुके होते, पण तिचा पहिला तास बुडायला नको म्हणून रेटले. पंक्चर झालेली उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागे ना दिवा, ना लाल फडके. दहा पावलांवर आली तेव्हा दिसली. ब्रेक दाबला, तर दवाने भिजलेल्या रिमवर रबर नुसते घसरले. मी कडेच्या चारीत, भाची माझ्यावर. गुडघा फुटलेला, आणि पोरगी म्हणते, "मामू, तास गेला!"

तेव्हापासून मोजून ठरवतो. हवामान खाते 200 मीटरच्या आतले दिसणे म्हणजे दाट धुके धरते, 50 च्या आतले म्हणजे अतिदाट. मोठ्या रस्त्याच्या कडेला दर 200 मीटरला छोटा दगड असतो. आमच्या फाट्याजवळच्या दगडापासून पुढच्या दगडाशेजारी एक बाभूळ आहे. ती दिसली तर जायचे, नाही तर परत. ताशी 60 च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर तोडते. 50 मीटरवरून तिने आपल्याला पाहिले, तर दोघांच्या हाती उरतात तीन सेकंद. पुढच्या दिव्याचा भरवसा धरू नये, धुक्यात त्याचा उजेड आपल्याच डोळ्यांवर परततो. मागचा लाल दिवा मात्र हवाच.

साडेआठ-नऊपर्यंत ऊन धुके खाते, मग निघावे. भाची आता तेच करते. कॉलेजात मी जाऊन सांगून आलो. सरांनी ऐकून घेतले, चहाही पाजला. हजेरीपटावर तिच्या नावापुढच्या लाल खुणा अजून तशाच पडतात.