बस भरलेलीच, पण प्रवासी कोण?

जागतिक बँकेने जून 2025 मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांवरून अजून वाद चालू आहे. माणशी रोज तीन डॉलर (अर्थात क्रयशक्तीच्या हिशेबातले) ही रेषा धरली, तर 2011-12 मध्ये भारतातले 27.1 टक्के लोक तिच्याखाली होते आणि 2022-23 मध्ये 5.3 टक्के उरले. रेषा फार खाली आखली आहे का, प्रश्नावली बदलल्याचा परिणाम किती, यावर तज्ज्ञ भांडताहेत आणि ते भांडण आवश्यकही आहे. मला मात्र वेगळाच प्रश्न छळतो. 2022-23 मध्ये रेषेखाली उरलेले लोक अकरा वर्षांपूर्वीही तिथेच होते का?

या आकड्यांवरून ते कळणारच नाही, कारण दोन्ही पाहण्यांत वेगवेगळ्या घरांची दारं ठोठावली होती. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पेटर यांनी सामाजिक वर्गांबद्दल लिहिताना बसची उपमा दिली होती. आपण एसटी घेऊ. सोलापूरहून निघालेली गाडी प्रत्येक थांब्यावर खच्चून भरलेली दिसते. पण मोहोळला वीस उतरले आणि वीस चढले, की तेच चाळीसजण शेवटपर्यंत बसून राहिले? बाहेरून डोकी मोजणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. आत बसलेल्यांसाठी मात्र त्या दोन वेगळ्या दुनिया आहेत.

हे ओळखायचं तर त्याच दाराशी पुन्हा जावं लागतं. इथे मला हॅरॉल्ड मॅन या माणसाबद्दल लिहायचंच आहे, कारण पुण्याला त्याचा जवळजवळ विसर पडला आहे.

मॅन यांनी ज्यांची पद्धत पुढे उचलली, त्या सीबोम राउंट्री यांनी 1899 साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या 11,560 कामगार कुटुंबांची माहिती गोळा केली. मजुराच्या आयुष्यात हलाखी तीनदा येते, असं त्यांना दिसलं: स्वतः लहान असताना, पोटची पोरं लहान असताना आणि म्हातारपणी. विलक्षण निरीक्षण! पण त्यांच्या हाती एकाच वेळचं चित्र होतं. वेगवेगळ्या वयाची माणसं शेजारी शेजारी ठेवून त्यांनी एक आयुष्य रचलं. मॅन मूळचे शेतीरसायनशास्त्रज्ञ. राउंट्रींची पद्धत त्यांनी इंग्लंडमधल्या रिजमाउंट नावाच्या खेड्यात वापरून पाहिली आणि 1907 मध्ये ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मग त्यांनी गाठलं पिंपळे सौदागर. हो, आज टॉवर आणि मॉल असलेलं तेच.

तिथल्या 103 कुटुंबांची जमीन, कर्ज, मजुरी असा सगळा हिशेब त्यांनी मांडला. नुसत्या शेतीवर निभावणारी कुटुंबं निघाली 8. बाहेरची मजुरी धरून आणखी 28 घरांचं भागत होतं. उरलेल्या 67 घरांचं कशानेच भागत नव्हतं. जुन्या नोंदी चाळून त्यांनी जमिनीचा इतिहासही काढला. 1771 साली गावातलं सरासरी खातं 40 एकरांचं होतं, 1915 च्या सुमारास ते 7 एकरांवर आलं होतं. गाव पुण्याला खेटून आहे, तेव्हा ते नमुन्यादाखल चालणार नाही, हा आक्षेप ओळखून ना. वि. कानिटकरांच्या साथीने त्यांनी शहरापासून लांबच्या जातेगाव बुद्रुकचाही असाच अभ्यास केला. तो 1921 मध्ये प्रसिद्ध झाला. पिंपळे सौदागरची पुनर्पाहणी प्रसिद्ध झाली 1960 मध्ये. एकाच गावाचा हा लांब पल्ल्याचा आलेख मला खजिन्यासारखा वाटतो.

तरी तो गावाचा आलेख झाला. घरागणिक आलेख काढण्याचं काम 1975 मध्ये इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या संशोधन संस्थेने हाती घेतलं. सहा गावं निवडली, त्यांतली चार आपली: सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावात चाळीस घरं. माहिती घेणारा गावातच मुक्कामाला, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा त्याच ओट्यावर. बहात्तरच्या दुष्काळाची आठवण तेव्हा अगदी ताजी होती.

या नोंदींवरून राघव गैहा आणि अनिल देवळालीकर यांनी नऊ वर्षांचा हिशेब लावला. नऊच्या नऊ वर्षं गरीब राहिलेली कुटुंबं 21.8 टक्के. एकदाही गरिबीत न गेलेली 12.4 टक्के. आणि उरलेली जवळजवळ दोन-तृतीयांश घरं रेषेच्या आत-बाहेर करणारी! पावसाने ओढ दिली, बैल मेला, कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, की घर खाली. सुगी साधली की वर. एका वर्षाच्या पाहणीत कायम गरीब असलेली आणि त्या वर्षापुरती खाली आलेली घरं एकाच रकान्यात जातात. त्यांचं औषध मात्र एक नाही. पडत्या वर्षात हाताला काम मिळालं तर आत-बाहेर करणारं घर तगतं. रोजगार हमी असलेल्या शिरापूर-कंझऱ्यातल्या भूमिहीन मजुरांच्या मिळकतीतले चढउतार याच सहा गावांतल्या, तेव्हाच्या आंध्रातल्या औरेपल्लीतल्या मजुरांपेक्षा बरेच कमी होते, हेही याच वह्यांनी दाखवलं. नऊ वर्षं तळाशी रुतलेल्या घराला एवढ्याने काय होणार?

एक सावधगिरी मात्र हवी. मिळकत नेमकी मोजणं महाकठीण आहे. यंदा घरच्या ज्वारीचा हिशेब सांगायचा राहून गेला आणि पुढच्या वर्षी आठवला, तर त्या घरात काहीही न बदलता ते कागदावर गरिबीतून वर येतं. म्हणजे आत-बाहेरच्या त्या गर्दीत काही ये-जा निव्वळ विस्मरणाची असणार. म्हणून तर ओट्यावर पुन्हा पुन्हा बसून माहिती घेणाऱ्यांच्या कामाचं मोल मला कुठल्याही समीकरणाहून जास्त वाटतं.

शिवाय ‘तेच घर’ म्हणजे कोणतं? पाहणीच्या भाषेत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. 2001 मध्ये इक्रिसॅटची माणसं या गावांत नव्याने नोंदी घ्यायला परतली, तेव्हा जुन्या यादीतली कितीतरी घरं फुटलेली होती. वाटण्या झाल्या होत्या, थोरल्याची चूल एकीकडे, धाकट्याची दुसरीकडे. मग त्या वेगळ्या झालेल्या चुलींचाही माग काढून त्यांनी नोंदी सुरू केल्या.