हे बटण बंद करू नये

मिरजेतल्या आमच्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात, इन्व्हर्टरच्या वरच्या फळीवर एक काळी पेटी आहे. साबणाच्या दोन वड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर होईल एवढीच. तिला एक हिरवा दिवा आहे, तो अधूनमधून लुकलुकतो. तिच्या बटणाशेजारी मी एक चिठ्ठी चिकटवली आहे : 'हे बटण बंद करू नये.' खाली तेच उर्दूत लिहिलं आहे, कारण माझी पत्नी उर्दू शाळेत शिकली. पाहुणे विचारतात, 'केबलची पेटी का हो?' शेजारच्या आजोबांना बरेच दिवस ते डास मारायचं यंत्र वाटत होतं.

मित्रहो, ती पेटी म्हणजे सर्व्हर आहे. आमच्या घरचे फोटो, माझ्या कवितांच्या वह्यांच्या प्रती, पत्ते, फोन नंबर आणि अम्माचा आवाज, हे सगळं तिच्यात आहे. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. यंत्रांशी माझा संबंध सायकल आणि रेडिओपुरता. मग मी या भानगडीत का पडलो, ते आधी सांगतो.

घरात आम्ही दखनी बोलतो. पण अम्मा जात्यावर बसली की तिच्या तोंडून मराठी ओवी यायची. तिच्या आईकडून आलेली, शेजारणींकडून आलेली, काही तिची स्वतःची. 1991 साली मी टेपरेकॉर्डर आणून दोन कॅसेटी भरून तिचं गाणं उतरवून घेतलं. 2003 मध्ये अम्मा गेली. पुढं कॅसेटींना बुरशी धरू लागली, तेव्हा माझ्या भाच्यानं त्यातल्या चौदा तुकड्यांच्या संगणकावर फायली केल्या आणि इंटरनेटवरच्या एका फुकट कपाटात ठेवून दिल्या. मी निर्धास्त झालो. इतका की, कॅसेटी आणि टेपरेकॉर्डर दोन्ही भंगारवाल्याला देऊन टाकलं. 'आता नेटवर आहे ना!' हे माझंच वाक्य.

काही वर्षांनी ऐकायला गेलो, तर ते कपाटच नव्हतं. कंपनीनं सेवा बंद केली होती. तीन महिन्यांची मुदत दिली होती, सूचनाही पाठवली होती. इंग्रजीत, मी उघडणं सोडून दिलेल्या एका ईमेलवर. कायद्यानं त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्या बहिणीकडं एका सीडीवर पाच तुकडे निघाले. नऊ गेले ते गेलेच.

आपण बँकेत, घरमालकाकडं 'अनामत' ठेवतो. हा शब्द मूळ अरबी 'अमानत', म्हणजे विश्वासानं सोपवलेली वस्तू. मराठीच्या तोंडी येताना त्यातली अक्षरं जागा बदलून बसली. अनामत ठेवताना आपण पावती घेतो, अटी वाचतो, मुदत पाहतो. इंटरनेटवर मात्र आयुष्यभराचे फोटो ठेवताना 'मला मान्य आहे' या बटणावर बोट ठेवून आपण मोकळे होतो.

या दुनियेला 'क्लाउड' म्हणजे ढग असं नाव पडलं आहे. त्यामुळं आपल्याला वाटतं, वस्तू आभाळात कुठंतरी सुखरूप आहे. पण ढगात काही नसतं. असते ती जमिनीवरची इमारत आणि तीत दुसऱ्याचे संगणक. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीची अशीच एक पाच मजली इमारत जळून खाक झाली. ज्यांची दुसरीकडं प्रत होती ते सावरले. ज्यांची नव्हती त्यांचं सामान राखेत गेलं. आग न लागताही वस्तू जातात. याहूनं जिओसिटीज हे संकेतस्थळ 2009 मध्ये बंद केलं. आपल्याकडं घरोघर पोचलेलं ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झालं. 2019 मध्ये मायस्पेसनं कळवलं की, सर्व्हर बदलताना तीन वर्षांहून जुनी गाणी, फोटो, चित्रफिती गेल्या असाव्यात. कोणी वैरी नव्हतं. दुकान होतं, ते मिटलं. गोदाम हलवलं, त्यात सामान हरवलं.

मग हे सामान घरी ठेवता येईल का? येतं. खरं तर सुरुवातच तशी झाली. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानं जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेत 1990 साली वेबचा पहिला सर्व्हर चालू केला, तो त्याचा नेहमीच्या वापरातला संगणक होता. कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यानं त्यावर लाल शाईनं चिठ्ठी लावली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. माझ्या चिठ्ठीची अक्कल तिथून उसनी घेतलेली आहे.

सर्व्हर म्हणजे काय? मागेल त्याला मागितलेली वस्तू काढून देणारा आणि त्यासाठी चोवीस तास जागा असणारा संगणक. लॉकडाऊनमध्ये भाचा पुण्याहून घरी येऊन राहिला होता. तो म्हणाला, 'मामू, अम्माजीचे पाच तुकडे उरलेत, ते तरी आपल्या घरात ठेवू.' त्यानं रास्पबेरी पाय नावाचा संगणक मागवला. शाळकरी मुलांनी संगणक शिकावा म्हणून इंग्लंडमध्ये तयार झालेला आणि 2012 साली बाजारात आलेला हा पत्त्याच्या पानाएवढा संगणक. त्याला एक हार्ड डिस्क जोडली. तुमच्याकडं अडगळीत पडलेला जुना लॅपटॉप असेल, तर तोही चालतो.

त्यावर लिनक्स घातलं. त्याचा गाभा 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं लिहिला. तो फुकट आहे आणि त्याचा मजकूर कोणालाही वाचता येतो, सुधारता येतो. वर तशाच खुल्या रीतीनं बनलेली आणखी तीन सॉफ्टवेअर : कागदपत्रं, पत्ते आणि कॅलेंडर यांसाठी नेक्स्टक्लाउड, फोटोंसाठी इमिच, गाण्यांसाठी जेलीफिन. मोबाइलवर फोटो काढला की घरी आल्यावर तो आपोआप पेटीत जाऊन बसतो. विजेचं म्हणाल, तर पेटी आणि डिस्क मिळून दहा वॉटच्या आसपास. म्हणजे चोवीस तास चालवूनही महिन्याला सात-साडेसात युनिट.

इथवर सोपं. अडचण आली ती बाहेरगावाहून पेटीपर्यंत पोचण्याची. माझी मुलगी लग्न होऊन बहारीनला असते. तिला आजीचा आवाज तिथं ऐकायचा होता. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सुमारे 429 कोटीच होते, आणि त्यांचे शेवटचे गठ्ठे 2011 च्या फेब्रुवारीत वाटून झाले. म्हणून पुष्कळ इंटरनेट कंपन्या शेकडो घरांत मिळून एकच पत्ता वापरतात. एखाद्या चाळीला एकच पत्ता असावा आणि खोल्यांना नंबरच नसावेत, तसं. आतला माणूस बाहेर पत्र पाठवू शकतो, त्याला उत्तरही येतं. पण बाहेरच्यानं आपणहून पत्र टाकलं, तर पोस्टमननं ते कोणत्या खोलीत द्यायचं? नव्या पद्धतीचे पत्ते भरपूर आहेत, पण ते अजून सगळीकडं पोचलेले नाहीत.

यावर युक्ती अशी, की दोघांनीही आतून बाहेर निघायचं. टेलस्केल नावाची एक सेवा माझी पेटी आणि मुलीचा मोबाइल यांची ओळख करून देते. मग त्या दोघांत वायरगार्ड या पद्धतीचा कुलूपबंद बोगदा तयार होतो. त्यातून काय गेलं, ते ओळख करून देणाऱ्यालाही वाचता येत नाही. तुम्ही म्हणाल, म्हणजे इथंही दुसऱ्यावर अवलंबून राहणं आलंच. आलं. पण उद्या हा मध्यस्थ गेला, तर मी दुसरा शोधीन. वस्तू माझ्या फळीवरच असेल.

सगळंच घरी आणावं, असंही नाही. ईमेल मी बाहेरच ठेवली आहे. घरगुती पत्त्यावरून निघालेल्या पत्राकडं मोठ्या कंपन्या संशयानं पाहतात. ते नको असलेल्या टपालात टाकतात किंवा दारातूनच परत पाठवतात. आणि आपली पेटी दोन दिवस बंद राहिली, तर आपल्याला आलेलं टपाल अडकून पडतं. भाच्यानं हात जोडून सांगितलं, 'मामू, ये नक्को.' मी ऐकलं.

आता माझी दुसरी चूक. सामान घरी आलं आणि मी पुन्हा निर्धास्त झालो. एका पावसाळ्यात वीज सारखी येत-जात होती, आणि एका सकाळी डिस्क कट-कट असा आवाज करून गप्प झाली. अम्माचे तुकडे सीडीवर होते म्हणून वाचले. चार महिन्यांचे फोटो गेले, त्यात मुलीच्या बाळाच्या बारशाचे होते. या वेळी तक्रार कोणाकडं करणार? कंपनी मीच, गिऱ्हाईक मीच, पहारेकरीही मीच.

तेव्हा भाच्यानं एक नियम भिंतीवर लिहून दिला : तीन, दोन, एक. प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर का, ते आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना सांगावं लागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर सांगलीत शिरला, तेव्हा कपाटातले अल्बम, दाखले, लग्नाच्या चित्रफिती सगळं एकदमच पाण्याखाली गेलं. घरात दहा प्रती असत्या, तरी दहाही भिजल्या असत्या. आता माझी एक प्रत पेटीत, दुसरी कपाटातल्या डिस्कवर आणि तिसरी सोलापूरला बहिणीच्या घरी असते. ईदला आम्ही तिच्याकडं जातो, तेव्हा डिस्क बदलून आणतो. नुसती प्रत काढूनही भागत नाही; महिन्यातून एकदा तीतली एखादी फाइल उघडून पाहावी लागते. धान्य भरून ठेवलं तरी मधून ऊन दाखवावं लागतं, तसंच हे.

दुसरी काळजी चोरांची. आपल्याकडं कोण येणार, हा समज खोटा आहे. 2022 च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरनं क्यूनॅप कंपनीच्या, घरांत आणि छोट्या कचेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या साठवणपेट्यांना गाठलं आणि आतल्या फायलींना कुलूप घालून पैसे मागितले. सापडल्या त्या इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या पेट्या. म्हणून माझ्या पेटीला रस्त्यावर दार नाही, फक्त तो बोगदा आहे. सॉफ्टवेअरच्या सुधारणा आल्या की त्या घालतो. परवलीचा शब्द मोठा ठेवला आहे. कवी असल्याचा तेवढा फायदा.

हे सगळ्यांनी करावं, असं मी म्हणणार नाही. ज्याला दर महिन्याला तासभर त्यात घालवता येत नाही, त्यानं करूच नये. त्याच्यापेक्षा मोठी कंपनी नक्कीच चांगली राखण करील. पण एक काम प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. बहुतेक मोठ्या सेवांमध्ये आपलं सगळं सामान उतरवून घेण्याची सोय असते. गूगलनं ती 'टेकआउट' या नावानं 2011 पासून दिली आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या किंवा ईदच्या साफसफाईत, ते उतरवून एका डिस्कवर घ्या आणि डिस्कवर तारीख घाला. दुसऱ्याकडं ठेवलेली अनामत असू द्या, पण तिची एक प्रत आपल्या हाताशी असू द्या. माझ्याकडं ती असती, तर अम्माचे ते नऊ तुकडे आज असते.

शेवटची गोष्ट मला पत्नीनं सुचवली. एकदा वीज गेली, इन्व्हर्टर चालू झाला, पेटीचा दिवा तसाच राहिला. ती म्हणाली, 'लाइट गयी तो ये डब्बा चलता. पर तुम नहीं रहे, तो इसकू कौन चलाता?' माझ्याकडं उत्तर नव्हतं. भाचा पुण्याला, मुलगी समुद्रापलीकडं. परवलीचे शब्द माझ्या डोक्यात.

त्या आठवड्यात मी एक दोनशे पानी वही घेतली. पेटी कशी चालू करायची, प्रत कशी काढायची, शब्द कोणते, अडलं तर कोणाला फोन करायचा, हे सगळं पायरीपायरीनं लिहिलं. मग मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो आणि तिला म्हणालो, वही वाचून पेटी बंद कर आणि पुन्हा चालू कर. पहिल्या दिवशी जमलं नाही. वहीत मी दोन पायऱ्या गाळल्या होत्या. मला त्या इतक्या माहीत होत्या की लिहायच्याच राहिल्या. तिसऱ्या दिवशी आतून जात्याची घरघर ऐकू आली आणि मागोमाग अम्माचा आवाज.

आता बटणाशेजारच्या चिठ्ठीवर तिच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे, उर्दूत. तिचा अर्थ : वही कपाटात, दुसऱ्या खणात.