तळ्यातील गोगलगाय

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. वरवर गरीब दिसणाऱ्या, पण आतून धूर्त असलेल्या माणसास ती लावतात. परंतु यात बिचाऱ्या गोगलगाईवर अन्यायच होतो. पोटाचाच पाय करून चालणे हा तिचा कावा नव्हे. ती तिची शरीररचना आहे.

मोरा बंदरास लाँचमधून उतरून उरणची वाट धरली, म्हणजे समुद्राचे खारे वारे अंगावर घेत आपण गावात येतो. या उरण-पनवेलच्या भागात मिठागरे आहेत, तशी गोड्या पाण्याची तळीही आहेत. पावसाळ्यात अशा एखाद्या तळ्याच्या काठी बसून पाण्यावरचे पान हळूच उलटून पाहावे. त्याच्या पाठीशी पारदर्शक चिकाचा एक लहानसा गोळा चिकटलेला आढळतो. त्यातील बारीक ठिपके म्हणजे गोगलगाईची अंडी होत.

ही अंडी घालणारी चपटी गोगलगाय गुंडाळलेल्या दोरीसारखी दिसते. तिच्यात नर आणि मादी असा भेद नसतो. प्रत्येक प्राणी दोन्ही असतो. मोठ्या, गोल शंखाच्या गोगलगाईंत मात्र नर निराळा व मादी निराळी असते. ती मादी काठच्या ओल्या मातीत अंडी घालते, आणि उन्हाळ्यात तळे आटले की चिखलात शिरून, शंखाचे दार झाकणाने बंद करून पावसाची वाट पाहत पडून राहते. आणखी एका जातीची मादी अंडी पोटातच उबवते व इवल्या शंखासह पिलांना जन्म देते.

शंख वाढतो कसा? गोगलगाय पाण्यातून व अन्नातून चुना मिळवते आणि शंखाच्या तोंडाशी त्याचा थर चढवते. म्हणून शंखाचे टोक हे तिचे बालपण, तर तोंडाजवळचा रुंद वेढा ही तिची आजची वाढ होय.

या वाढीची गती पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून असते. आपल्याकडील उबदार पाण्यात अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात. थंड प्रदेशातील सरोवरांत तेच काम कित्येक आठवडे चालते, आणि पिलू मोठे होण्यास एक-दोन वर्षेही लागतात.

ही माहिती केवळ कुतूहलाची नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी लोकांच्या लघवीतून रक्त जाई. १९५२ मध्ये गाडगीळ व शहा या संशोधकांनी त्या रोगाची नोंद केली. रोग्याच्या लघवीबरोबर एका कृमीची अंडी पाण्यात पडत. त्यांतील जंतू एका चिमुकल्या गोगलगाईच्या शरीरात वाढत व बाहेर पडून पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरत. गोगलगाईंचा बंदोबस्त आणि रोग्यांवर उपचार, अशा दुहेरी उपायांनी त्या रोगास आळा बसला.

मग गोगलगाय आपली वैरीण म्हणावी काय? मुळीच नाही. ती शेवाळ खाते, आणि मुग्धबलाकासारख्या पक्ष्यांचे ती अन्न आहे. गिमवीच्या पाण्यात रोगाचे बी गोगलगाईने टाकले नव्हते. ते माणसानेच टाकले होते. मुलांनो, तळ्यात किंवा ओढ्यात घाण न करणे, एवढे तरी आपल्या हाती खचित आहे.